अहवालातली सावत्र आई

तिचं अक्षर सुंदर होतं, ही माझी तिच्याविरुद्धची पहिली तक्रार. दर महिन्याला निळं आंतरदेशीय पत्र यायचं, कर्जत तालुक्यातल्या एका खेड्याचा शिक्का असलेलं. त्यावरचा पत्ता फळ्यावर सुविचार लिहावा तसा रेखलेला असायचा. पत्र माझ्या दारात यायचं, पण माझ्यासाठी नसायचं. माझ्या नवऱ्याच्या मुलीला तिच्या सख्ख्या आईनं लिहिलेलं असायचं.

आम्ही तेव्हा नेवासा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. हे वजनकाट्यावर होते. माझं लग्न उशिरा झालं, आणि यांचं ते दुसरं. पहिलीचा डी.एड.ला नंबर लागला होता. यांनी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. ती वसतिगृहात राहून शिकायला गेली, मुलगी बापाजवळ राहिली आणि वर्षभरात समजुतीनं फारकत झाली. मी त्या घरात आले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. तिच्या केसांतल्या उवा मी काढल्या. तिला बाराखडी मी शिकवली. ताप आला की ती माझ्याच पदराचं टोक धरून झोपायची. मला मूल झालं नाही, आणि खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मला त्याची आठवणही झाली नाही.

ती मला मम्मी म्हणायची. आई हा शब्द माझ्या आधीच कुणाला तरी देऊन झाला होता.

सुरुवातीची पत्रं मीच तिला वाचून दाखवली. मग ती स्वतः वाचायला लागली. वाचायला शिकवलं मी, आणि पहिलं काय वाचलं, तर आईचं पत्र. एकदा सकाळी अंथरूण काढताना तिच्या उशीखाली ते निळं पत्र सापडलं, घडीवर फाटायला आलेलं. त्या दिवसानंतर आलेली चार पत्रं मी कपाटात माझ्या लग्नाच्या शालूखाली ठेवून दिली. फाडली नाहीत. आज देऊ, उद्या देऊ, असं करत राहिले. पाचवं आलंच नाही.

मुलगी आठ वर्षांची झाली त्या हिवाळ्यात कोर्टाची नोटीस आली. तिची आई झेडपीच्या शाळेत कायम झाली होती, तिला शाळेजवळ दोन खोल्या मिळाल्या होत्या आणि तिनं मुलीचा ताबा मागितला होता. हे नोटीस हातात घेऊन बराच वेळ ओट्यावर बसले. मग म्हणाले, "मागणारच होती ती कधी तरी." मला राग आला तो या 'कधी तरी'चा. म्हणजे यांना ठाऊक होतं. म्हणजे मी चार वर्षं दुसऱ्याचं पोर सांभाळायला ठेवलेली बाई होते.

नगरच्या कोर्टात पहिल्या तारखेला मी तिला पहिल्यांदा पाहिलं. आम्ही व्हरांड्याच्या या टोकाला, ती त्या टोकाला. मी मनात तिला उंच, गोरी, ठसठशीत करून ठेवली होती. प्रत्यक्षात ती बारीक होती, डोळ्यांवर चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. पण मुलगी माझा हात सोडून जी पळत गेली, ती व्हरांड्यातल्या माणसांना धक्के देत गेली. मी नुसता मोकळा राहिलेला हात पाहत उभी राहिले.

न्यायाधीशांनी दोन्ही घरं पाहून अहवाल द्यायला सांगितलं. ते काम परिवीक्षा अधिकाऱ्याचं. वकिलांनी आम्हाला समजावलं, "सरकारी माणूस घरी येईल, पोरीशी बोलेल, शेजारीपाजारी विचारेल. घर नीटनेटकं ठेवा." मी महिनाभर घर नीटनेटकं ठेवलं. तो आला नाही.

आला तो एप्रिलमध्ये. जयंती आठवड्यावर आली होती आणि वसाहतीतल्या आमच्या ओळीत घरोघरी रंग देणं चाललं होतं. बाहेरच्या खोलीतलं सगळं सामान आम्ही स्वयंपाकघरात रचलं होतं: गाद्या, ट्रंक, मुलीचं दप्तर. निळा रंग कमी पडला म्हणून मी नेवाशाला गेले होते. हे कामावर. मुलगी शेजारच्या मावशींकडे. परत आले तेव्हा मावशी ओट्यावरच वाट पाहत होत्या.

"आगं, सायब यून गेला. स्कूटरवर आल्ता. पाव घंटा बसला न् गेला."

"काय विचारलं?"

"काय न्हाई, पोरगी कुटं झोपती, साळंत जाती का, आसलंच. म्या चांगलंच सांगितलं."

ते चांगलं काय होतं, ते जूनमध्ये कळलं. अहवालाची प्रत वकिलांच्या टेबलावर होती. मी यांच्या हातातून घेतली आणि तिथंच उभ्यानं वाचली. मुलीच्या आईबद्दल एक पान होतं. सुशिक्षित, मृदू स्वभावाची, मुलीविषयी ओढ असलेली, घर स्वच्छ, पुस्तकं भरपूर. माझ्याबद्दल अर्धं पान. माझ्याशी एक शब्दही न बोलता माझ्यावर अर्धं पान.

सामनेवाल्याची दुसरी पत्नी चौथी पास आहे. मुलीला स्वयंपाकघरात जमिनीवर झोपवले जाते. घरकामामुळे तिचे शाळेत बरेच खाडे झाले आहेत. मुलीच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना व्रण असून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून तो सावत्र आईकडून झालेल्या इजेचा असावा. आणि शेवटी, मुलीच्या सांगण्यानुसार, आईची पत्रे तिला दिली जात नाहीत, ती कपाटात ठेवली जातात.

मला वाटत होतं, तिला माहीत नाही. तिला माहीत होतं. तिनं मला एकदाही विचारलं नव्हतं आणि एका स्कूटरवरच्या माणसाला पाव तासात सांगितलं होतं.

वकील म्हणाले, "यावर आपल्याला हरकत घ्यायची. एकेक विधान सांगा, खरं की खोटं."

"मी दहावी पास आहे," मी म्हणाले.

"ते राहू द्या हो. महत्त्वाचं बघू."

"मला ते महत्त्वाचं आहे. तिच्या नावापुढं डी.एड. लिहिलंय आणि माझ्यापुढं चौथी. दहावीला सेकंड क्लास होता मला."

त्यांनी सुस्कारा टाकून लिहून घेतलं. झोपण्याचं सांगितलं, रंगकाम होतं. खाड्यांचं सांगितलं, फेब्रुवारीत तिला कांजिण्या आल्या होत्या. हेडमास्तर पत्र देतील. भाजल्याचं हे बोलले. "ते लग्नाआधीचं आहे. म्हणजे हिच्याशी लग्न व्हायच्या आधीचं. पोरगी आजोळी असताना भाजली, अडीच वर्षांची होती. बंबाला हात लागला. कर्जतच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं."

"कागद आहे?"

"माझ्याकडं कुठला?"

"मग नुसतं तुमचं म्हणणं राहील. आणि पत्रांचं काय?"

हे माझ्याकडे पाहायला लागले. यांना पत्रांचं काहीच माहीत नव्हतं.

"खोटं आहे," मी म्हणाले.

वकिलांनी लिहिलं, सदर विधान खोटे व खोडसाळ आहे. दोन दिवसांनी मी त्या प्रतिज्ञापत्रावर सही केली. अहवालातली चूक दुरुस्त करायच्या कागदात मी माझी एक चूक घालून दिली, आणि त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. तिला एक पान मिळालं होतं, एवढंच डोक्यात होतं.

घरी आल्यावर मी आधी मावशींचं दार वाजवलं.

"मी पोरीला भाजलं असं सांगितलंत?"

"आता गं बया! त्यानं इचारलं, हाताला काय झालं? म्या म्हनलं, भाजलंय. कोनी भाजलं ते म्या कशाला सांगू? मला तरी काय ठावं?"

"मग त्यानं माझं नाव का लिहिलं?"

मावशींनी दाराची कडी उगाच सरळ केली. मग म्हणाल्या, "त्यानं इचारलं, आई सावत्र हाय का? म्या म्हनलं, व्हय. तेवडंच."

तेवढंच पुरलं होतं. मावशींशी मी पुढं वर्षभर बोलले नाही, पण त्यांचा दोष तसा थोडाच होता.

वकिलांकडून निरोप आला की हॉस्पिटलचा केसपेपर मिळाला तर बरं होईल. हे म्हणाले, सुट्टी मिळाली की जाऊ. गळीत हंगामाच्या आधी काटे तपासायचं काम चालू होतं, सुट्टी मिळणार नव्हती. एका सकाळी मुलीला शाळेत घालवून मी नेवासा फाट्यावरून गाडी पकडली. यांना सांगितलं नाही. नगरला माळीवाड्याला उतरले, कर्जतची गाडी धरली आणि मिरजगावच्या पुढं उन्हानं तापलेली उघडी रानं पाहत बसले. हा तिचा मुलूख, असं मनात येत होतं. इथंच कुठं तरी आमची पोरगी उद्या पाणी भरेल, इथल्या विहारात वंदना म्हणेल, आणि लोक म्हणतील, बाईंची मुलगी.

दवाखान्यातला कारकून वाईट नव्हता. त्यानं खिडकीतून मागची खोली दाखवली. पोत्यांत भरलेले कागद, एकावर एक. "पाच-सहा वर्षांमागचं म्हणता. नंबर असल्याशिवाय कसं शोधू? ज्यांनी पेशंट आणला होता त्यांच्याकडं कार्ड असेल बघा."

ज्यांनी पेशंट आणला होता. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून डब्यातली भाकरी खाल्ली. मग बाहेर येऊन तिच्या गावाला जाणाऱ्या टेम्पोत बसले.

शाळा दोन खोल्यांची होती. दारातून मला ती पाठमोरी दिसली, फळ्यावर लिहिताना. तेच अक्षर. पोरं मोठ्यानं वाचत होती आणि एक लहानगी तिच्या पदराशी खेळत उभी होती. ती वळली, मला पाहिलं, ओळखलं. खडू खाली ठेवून तिनं पोरांना पाढे म्हणायला सांगितलं आणि बाहेर आली. तिनं आधी विचारलं, "ती बरी आहे ना?"

"बरी आहे. शाळेत गेलीय."

रीतीनं मी तिला ताई म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून ते निघेना. मी म्हणाले, "बाई, मला भाजल्याचा कागद पाहिजे."

"कशाला?"

"कशाला ते तुम्हाला माहीत आहे. अहवाल वाचलात ना?"

तिनं मान हलवली. "वाचला."

"मी भाजलं असं लिहिलंय त्यात. ते वाचून तुम्ही गप्प बसलात?"

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "माझे वकील म्हणाले, आपल्या बाजूचं आहे, राहू द्या."

"आणि तुम्ही राहू दिलंत."

आतून सातचा पाढा ऐकू येत होता. तिनं दार थोडं ओढून घेतलं. मग म्हणाली, "बंब आमच्या अंगणात होता. मी तिथंच बसले होते, हातभर अंतरावर. डी.एड.चा फॉर्म भरायचा होता, त्यातच माझं डोकं. ती ओरडली तेव्हा मी वर बघितलं." तिनं चष्मा घातला. "ती तुमच्याकडं झोपेत दचकते का?"

"नाही," मी म्हणाले. आणि मला बरं वाटलं, की माझ्याकडे ती दचकत नाही.

"कागद शोधून बघते," ती म्हणाली. देईन म्हणाली नाही. मी पाणीसुद्धा न घेता निघाले. परतीच्या गाडीत मी तिच्या चष्म्याला, तिच्या शाळेला, तिच्या त्या शांत बोलण्याला नावं ठेवत राहिले. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतरच्या तारखेला आधी परिवीक्षा अधिकाऱ्याची साक्ष झाली. आमच्या वकिलांनी त्याला हेडमास्तरांचं पत्र दाखवलं, रंगवाल्याची पावती दाखवली. तो म्हणाला, असेल, मला तसं कुणी सांगितलं नाही. मग न्यायाधीशांनीच त्याला विचारलं, "तुम्ही या बाईंना भेटलात का?"

"त्या घरी नव्हत्या, साहेब."

"मग शिक्षण चौथी कुणी सांगितलं?"

तो कागद चाळत राहिला. "बहुतेक अंदाजानं..."

"ज्यांच्याबद्दल एवढं लिहिलंत त्यांना भेटायला पुन्हा जायला हवं होतं."

मी यांचा हात दाबला. कुणीतरी मोठ्या खुर्चीतून माझ्यासाठी बोललं होतं. घरी जाऊन मी त्या दिवशी गोड करायचं ठरवलं होतं. पण जेवणाच्या सुट्टीनंतर तिची साक्ष झाली.

तिच्या वकिलांनी तिला शिक्षण, नोकरी, घर सगळं विचारलं. ती हळू आवाजात उत्तरं देत होती. मग आमचे वकील उठले. त्यांनी फारशी आशा न ठेवता विचारलं, "मुलीच्या मनगटावरचा व्रण कधीचा आहे, हे तुम्हाला माहीत आहे?"

तिनं कापडी पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि पुढं केला. तिचे वकील अर्धे उठले. "साहेब, हा कागद आमच्या यादीत नाही..."

"बसा," न्यायाधीश म्हणाले. त्यांनी कागद वाचला. "म्हणजे ही घटना सामनेवाल्याच्या दुसऱ्या लग्नाच्या आधीची आहे?"

"हो साहेब. ती माझ्याजवळ असताना भाजली. माझं लक्ष नव्हतं. अहवालात लिहिलंय ते चूक आहे. यांचा," तिनं माझ्याकडे हात केला, "यांचा त्यात काही संबंध नाही."

सगळं कोर्ट माझ्याकडे पाहत होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी पाहत होते यांच्याकडे. हे तिच्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी चार-पाच वर्षांत माझ्यासाठी कधी पाहिलं नव्हतं. प्रेम म्हणणार नाही मी त्याला. आदर म्हणता येईल. प्रेम असतं तर मी भांडले असते. आदराशी कसं भांडायचं?

त्या रात्री हे जेवताना म्हणाले, "माणूस म्हणून ती चांगलीच होती."

मी ताटात भाकरी जरा जोरात टाकली. "मग सोडली कशाला?"

"तुझ्यावरचं बालंट गेलं, तरी तुला राग आहे?"

होता. बालंट तिच्या हातून गेलं, याचाच होता. मी एवढी वणवण करून जे मिळवू शकले नाही ते तिनं पिशवीतून काढून दिलं, आणि देताना स्वतःचं नुकसान करून घेतलं. आता जन्मभर लोक म्हणणार, केवढ्या मनाची बाई! आणि मी? मी ती, जिच्यावर उपकार झाले. मुलगी तिच्याकडे धावत होती, नवरा तिला चांगली म्हणत होता, न्यायाधीशांनीसुद्धा तिला "बसा, पाणी घ्या" म्हटलं होतं. माझ्यासाठी एवढासाही कोपरा तिनं मोकळा ठेवला नव्हता.

माझी साक्ष महिन्याभरानं लागली. पिंजऱ्यात चढताना मी दहावीचं गुणपत्रक हातात धरलं होतं. वकिलांनी डोळ्यांनी नको म्हणून सांगितलं, पण न्यायाधीशांचं लक्ष गेलं. "काय आहे ते?"

"साहेब, मी दहावी पास आहे. सेकंड क्लास."

ते हसले नाहीत. त्यांनी गुणपत्रक पाहिलं आणि टायपिस्टला तसं लिहायला सांगितलं. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

मग तिचे वकील उठले. त्यांनी माझं प्रतिज्ञापत्र समोर धरलं. "तुम्ही इथं लिहिलंय, पत्रं लपवल्याचं विधान खोटं आहे. मुलगी खोटं बोलते असं तुमचं म्हणणं आहे?"

ती पहिल्या बाकावर बसली होती, चष्म्याआडून माझ्याकडे पाहत. तिला उत्तर ठाऊक होतं. तिला कधीपासून पत्रांची उत्तरं मिळत नव्हती. मी नाही म्हटलं असतं तर कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं. आठ वर्षांच्या मुलीचं बोलणं, त्यातून ज्या अहवालात एवढ्या चुका निघाल्या त्या अहवालातलं. आमचे वकील निवांत बसले होते.

पुष्कळ लोकांनी पुढं मला सांगितलं की तू त्या दिवशी मोठं मन दाखवलंस. तसं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या मनात एवढंच आलं, की खरं बोलणारी या खोलीत ही एकटीच राहायला नको. निदान एवढं तरी तिच्या एकटीचं असायला नको.

"मुलगी खोटं बोलत नाही," मी म्हणाले. "अहवालातली बाकीची विधानं चुकीची आहेत. ते एक खरं आहे. चार पत्रं मी ठेवून घेतली. प्रतिज्ञापत्रात मी खोटं लिहिलं."

आमच्या वकिलांनी पेन टेबलावर ठेवलं. न्यायाधीशांनी विचारलं, "का ठेवून घेतलीत?"

"ती उशीखाली घेऊन झोपायची, साहेब. मला बघवत नव्हतं."

टायपिस्टची बोटं थांबली. न्यायाधीशांनी मला खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल कडक शब्दांत समज दिली. मी मान खाली घालून ऐकली. बाहेर आल्यावर हे माझ्यापुढं चालत राहिले. गाडीत शेजारी बसले, पण खिडकीबाहेर पाहत राहिले. घरी पोहोचल्यावर मी शालूखालची पत्रं काढली आणि मुलीच्या हातात दिली. तिनं ती मोजली नाहीत, वाचली नाहीत. दप्तरात ठेवली आणि म्हणाली, "मम्मी, भूक लागली." मी पोळी लाटायला बसले आणि लाटता लाटता रडले.

पुढं न्यायाधीशांनी मुलीला त्यांच्या खोलीत एकटीला बोलावून घेतलं. ती आत वीस मिनिटं होती. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चॉकलेट होतं. आत काय बोलणं झालं ते मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

निकाल उन्हाळ्याच्या सुट्टीआधी लागला. सामनेवाल्याच्या पत्नीविरुद्ध अहवालात नमूद केलेल्या इजेचा, शाळेतल्या खाड्यांचा आणि झोपण्याच्या जागेचा मजकूर चुकीचा असून तो विचारात घेता येणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. माझ्या हातून मुलीची चांगली देखभाल झाली, असंही एक वाक्य होतं. त्याच्या खाली, मुलीचं वय आणि इच्छा पाहता तिचा ताबा जूनपासून आईकडे द्यावा. दिवाळीची अर्धी सुट्टी आणि मे महिना बापाकडे.

मी जिंकले ते सगळं वरच्या भागात होतं आणि हरले ते खालच्या दोन ओळींत. वकील म्हणाले, अपील करता येईल. हे म्हणाले, "नको. पोरीनं दोन कोर्टं बघायला नकोत." या वेळी मला त्यांचा राग आला नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तिला सोडायला मीच गेले. यांनी रजा काढली होती, पण सकाळी उठलेच नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. नगरच्या स्टँडवर तिची आई आधीच येऊन थांबली होती. मुलीनं तिचा हात धरला, पण माझाही सोडला नाही, आणि थोडा वेळ आम्ही तिघी त्या गर्दीत तशाच विचित्र उभ्या राहिलो. मी ट्रंक दाखवली: यात कपडे, यात पुस्तकं, हा लोणच्याचा डबा सरळ धरायचा.

"तुम्ही मे महिन्याची वाट बघू नका," ती म्हणाली. "मध्ये कधीही या."

मी होकार दिला नाही. मोठेपणा करायची तिची सवय मला तेव्हाही आवडली नाही.

कर्जतची गाडी लागली. मुलगी पळत जाऊन मागच्या बाकावर बसली. मी खिडकीखाली जाऊन म्हणाले, "पुढं घ्या तिला. मागं बसली की तिला मळमळतं, मग पार उतरेपर्यंत ओकते. लिंबू ठेवायचं हातात, नुसतं वास घ्यायला."

ती मुलीकडे पाहायला लागली, मग माझ्याकडे. काही तरी मनाला लागल्याचं मी तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच पाहिलं.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

मी पिशवीतलं लिंबू काढून खिडकीतून दिलं. तिनं मुलीला उठवून कंडक्टरच्या मागच्या सीटवर नेलं. गाडी निघाली, मुलीनं हात हलवला, मी हलवला. मग मी नेवाशाच्या गाडीत बसले. घोडेगाव गेलं तरी मी रडत होते. पण मध्येच तिचं ते 'माहीत नव्हतं' आठवायचं आणि मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटायचं.